जिममधल्या पॉवर योगाच्या वर्गात पहिल्यांदा जाताना

बहुतेक मोठ्या जिममध्ये ट्रेडमिलच्या रांगेपलीकडे एक काचेची खोली असते आणि तिच्यात झुंबाच्या जोडीने आठवड्यातून दोन-तीन दिवस ‘पॉवर योगा’ची बॅच चालते. वजने उचलणारी मंडळी काचेतून आत डोकावतात आणि हे नुसते अंग ताणणे आहे असे समजून पुढे जातात. उलट ज्यांनी घरी किंवा योगवर्गात वर्षानुवर्षे आसने केली आहेत, त्यांना आतली धावपळ पाहून हा योगच नव्हे असे वाटते. दोघांचाही अंदाज चुकतो. हा प्रकार अंगाचा चांगलाच कस पाहतो, आणि तो कस आसनात स्थिर राहताना जितका लागतो त्याहून एका आसनातून दुसऱ्या आसनात जाताना अधिक लागतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक दुखापतीही याच मधल्या हालचालींत झालेल्या आहेत. त्यामुळे नव्या माणसाने तयारी करायची ती मुख्यतः या हालचालींची.

मी स्वतः पहिल्यांदा अशा वर्गात गेलो तेव्हा बेंच प्रेसची दहा वर्षांची सवय पाठीशी होती, आणि तीच नडली. ट्रेनर ‘चतुरंग’ (जोर काढताना खाली जातो तशी हालचाल) म्हणाला की मी धाडकन खाली, ‘वर’ म्हणाला की वर. तासाभरात असे वीस-पंचवीस वेळा झाले असेल. त्या दिवशी काहीच जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाच्या बाहीत डावा हात घालताना खांद्याच्या पुढच्या बाजूला अशी कळ आली की बाहीतला हात तसाच ठेवून मी पलंगावर बसलो. पुढचे पाच आठवडे बेंच प्रेस बंद राहिला. ताकद कमी पडली असे नव्हते. खाली जाताना कोठे थांबायचे हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

हा प्रकार आला कोठून

‘पॉवर योगा’ हे नाव अमेरिकेत 1990 च्या दशकात रूढ झाले. बेरिल बेंडर बर्च आणि ब्रायन केस्ट या दोन शिक्षकांची नावे त्या संदर्भात घेतली जातात. मूळ मात्र म्हैसूरचे आहे. तेथील के. पट्टाभि जोइस (1915–2009) यांनी शिकवलेल्या अष्टांग विन्यास पद्धतीत आसनांचा क्रम ठरलेला असतो आणि प्रत्येक हालचाल एका श्वासाला किंवा उच्छ्वासाला बांधलेली असते. पॉवर योगाने त्यातला वेग, घाम आणि सूर्यनमस्कारांची साखळी घेतली, पण ठरलेला क्रम सोडून दिला. याचा व्यवहारातला अर्थ असा की दोन जिममधले पॉवर योगाचे वर्ग एकमेकांसारखे असतीलच असे नाही. एकच जिम असली तरी सकाळचा ट्रेनर आणि संध्याकाळचा ट्रेनर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. ‘मी पॉवर योगा करून पाहिला, मला झेपला नाही’ असे कोणी म्हणाले, तर त्याने एका माणसाचा एक वर्ग पाहिला एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

जोइस ज्यांच्याकडे शिकले त्या टी. कृष्णमाचार्यांचेच शिष्य बी. के. एस. अय्यंगार 1937 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पुण्याला आले ते डेक्कन जिमखान्यावर योग शिकवण्यासाठी. सहा महिन्यांसाठी आलेला हा तरुण पुढे कायमचा पुणेकर झाला. तेव्हा व्यायामशाळेच्या आवारात योग शिकवणे ही परदेशातून आयात झालेली नवलाई आहे असे निदान आपण तरी समजू नये. त्याच काळात साताऱ्याजवळच्या औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा व्यायाम म्हणून हिरिरीने प्रसार करत होते, आणि मराठी शाळांतून रथसप्तमीला घातल्या जाणाऱ्या सामुदायिक सूर्यनमस्कारांमुळे आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगात त्या हालचाली लहानपणीच मुरलेल्या असतात. हे भांडवल पुढे फार उपयोगी पडते. कसे ते चतुरंगाच्या वेळी येईलच.

वर्ग निवडताना

वर्षाची फी भरण्याआधी एक वर्ग बाहेरून पूर्ण पाहावा आणि एक ट्रायल म्हणून करावा. पाहताना ट्रेनरच्या लवचीकतेकडे बघू नये. तो स्वतःच्या मॅटवर किती वेळ असतो आणि लोकांमध्ये किती वेळ फिरतो याकडे बघावे. जो ट्रेनर पूर्ण तास आरशाकडे तोंड करून स्वतःच आसने करत राहतो, त्याला मागच्या रांगेत कोणाचे कोपर कोठे गेले आहे हे दिसणे शक्य नाही. प्रमाणपत्र विचारावे, आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचे असेल तर चांगलेच. पण त्याहून खात्रीची कसोटी अशी की वर्ग सुरू होण्याआधी तो ‘कोणाला काही दुखणे आहे का, कोणी नवीन आहे का’ असे विचारतो की नाही, आणि चतुरंग सांगताना ‘हवे तर गुडघे टेका’ हा पर्याय आपण होऊन देतो की नाही. वीस माणसांपर्यंत एक ट्रेनर लक्ष देऊ शकतो. त्यापुढे तो फक्त आकडे मोजतो.

खोलीत लाकडी किंवा फोमच्या विटा आणि पट्टे आहेत का हेही पाहून घ्यावे. विटा मागणे म्हणजे कमीपणा, असा एक गैरसमज जिममध्ये फार आहे, आणि तो वजने उचलणाऱ्या पुरुषांमध्ये विशेष. उत्तानासनात, म्हणजे उभे राहून पुढे वाकल्यावर, ज्याचे हात जमिनीपासून वीतभर वर लोंबकळतात त्याने दोन विटा ठेवून त्यांवर हात टेकले की पाठ सरळ राहते आणि ताण जेथे यायला हवा तेथे, म्हणजे मांडीच्या मागच्या बाजूला, येतो. विटेशिवाय तोच ताण कमरेत जातो.

काही ठिकाणी खोली मुद्दाम गरम ठेवतात. मुंबई, ठाणे, कोकण किंवा गोव्यात मे महिन्यात त्यासाठी हिटर लावावा लागत नाही, ए.सी. बंद केला की पुरते. अशा वर्गाने सुरुवात करू नये. उष्णतेत स्नायू आहेत त्यापेक्षा मोकळे वाटतात आणि माणूस आपल्या मर्यादेपलीकडे ताणतो, हे एक. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि चक्कर येण्याचा धोका वाढतो, हे दुसरे.

आधीचे दोन आठवडे

वर्गात नाव घातल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी हजर होण्याऐवजी दोन आठवडे घरी किंवा जिमच्या मोकळ्या कोपऱ्यात चार हालचाली शिकून घ्याव्यात. पॉवर योगाच्या तासात या चारच हालचाली पुन्हा पुन्हा येतात. बाकीची आसने त्यांच्या अधेमधे ओवलेली असतात.

क्रम असा असतो. उभे राहून श्वास घेत हात वर. श्वास सोडत पुढे वाकून उत्तानासन. श्वास घेत पाठ सरळ करून अर्धे वर. श्वास सोडत पाय मागे नेऊन चतुरंग दंडासन. श्वास घेत छाती पुढे आणि वर, म्हणजे ऊर्ध्वमुख श्वानासन. श्वास सोडत नितंब वर उचलून अधोमुख श्वानासन, आणि तेथे पाच श्वास. मग पाय पुढे आणून उलट्या क्रमाने उभे राहायचे. यातला ‘चतुरंग – ऊर्ध्वमुख – अधोमुख’ एवढा तुकडा प्रत्येक आसनाच्या जोडीनंतर येतो, आणि जिममध्ये ट्रेनर ‘विन्यास घ्या’ म्हणतो तेव्हा त्याला हाच तुकडा अभिप्रेत असतो. पारंपरिक अष्टांग पद्धतीत पहिल्या प्रकारचे पाच आणि दुसऱ्या प्रकारचे पाच सूर्यनमस्कार घालतात. पहिल्यात एक चतुरंग येते आणि दुसऱ्यात तीन, म्हणजे मुख्य आसने सुरू होण्याआधीच वीस चतुरंगे होऊन गेलेली असतात. वीस जोर काढण्याइतका हा भार आहे, आणि तोही पायांचे, पाठीचे काम सुरू असताना. म्हणून सर्वांत जास्त वेळ चतुरंगावर द्यावा.

प्लँकच्या स्थितीत या: मनगटांच्या बरोबर वर खांदे, टाचांपासून डोक्यापर्यंत शरीर फळीसारखे. आता खाली जाण्याआधी चवड्यांवर किंचित पुढे सरका, म्हणजे खांदे मनगटांच्या चार बोटे पुढे येतील. पुष्कळ लोक ही पायरी गाळतात आणि सरळ खाली जातात. मग कोपर मनगटाच्या मागे राहते आणि भार खांद्याच्या सांध्यावर येतो. पुढे सरकल्यावर कोपरे बरगड्यांना घासतील इतकी जवळ ठेवून, ती मागच्या दिशेला वाकवत, तीन आकडे मोजत खाली या. दंड जमिनीला समांतर होण्याच्या थोडे आधी थांबा. खांदे कोपरांच्या रेषेखाली जाऊ देऊ नका, हा एकच नियम लक्षात राहिला तरी निम्मे काम झाले. माझा खांदा धरला तो नेमका या रेषेखाली गेल्यामुळे. आरशात बाजूने पाहिले तर कोपरापासून खांद्यापर्यंतचा भाग सपाट किंवा किंचित वर चढलेला दिसला पाहिजे. शेजारच्या माणसाचा दंड खांद्याकडे उतरता दिसला तर त्याचे अनुकरण करू नका, तो कितीही चपळ असला तरी.

हे जमिनीवर जमत नसेल तर जिममध्ये एक सोपा मार्ग आहे. स्मिथ मशीनचा (उभ्या खांबांत खाचांवर अडकवलेला) बार कमरेच्या उंचीवर लावून त्यावर हात टेकवा आणि हीच हालचाल तिरके उभे राहून करा. दहा वेळा संथपणे, कोपरे न फाकता जमले की बार एक खाच खाली घ्या. दोन आठवड्यांत बार गुडघ्यांपर्यंत उतरला तर पुष्कळ झाले. वर्गात मात्र तोवर चतुरंगाच्या जागी आपल्या शाळेतल्या सूर्यनमस्कारातले साष्टांग घालावे: आधी गुडघे, मग छाती, मग कपाळ जमिनीला, आणि तेथून भुजंगासन. ट्रेनर इंग्रजीत ‘नीज, चेस्ट, चिन’ म्हणतो तेव्हा तो जवळपास हेच सांगत असतो. ज्याला आज ‘सोपा पर्याय’ म्हणतात तो प्रकार आपल्याकडे मूळ प्रकार म्हणूनच शिकवला गेला आहे, तेव्हा तो घालताना ओशाळण्याचे काहीच कारण नाही.

अधोमुख श्वानासनात वजने उचलणाऱ्यांची पंचाईत वेगळी असते. मांड्यांचा मागचा भाग आणि खांदे आखडलेले असल्यामुळे टाचा जमिनीला लावण्याच्या नादात पाठीला पोक येतो आणि सगळा भार मनगटांवर पडतो. टाचा टेकणे हे या आसनाचे ध्येय नाही. गुडघे खुशाल वाकवावेत, नितंब वर आणि मागे न्यावेत, आणि मनगटापासून माकडहाडापर्यंत एक सरळ तिरकी रेषा करावी. हाताची बोटे पसरून अंगठा व तर्जनीच्या मुळाशी दाब द्यावा. तेथला दाब सुटला की तळव्याची बाहेरची कड आणि मनगट दुखू लागते. आठ तास संगणकावर काम करणाऱ्यांची मनगटे आधीच कुरकुरत असतात. त्यांनी तळव्याच्या टाचेखाली घडी केलेला नॅपकीन ठेवावा, किंवा दोन षटकोनी डंबेल ठेवून त्यांच्या दांड्या धराव्यात, म्हणजे मनगट सरळ राहते. गोल डंबेल घेऊ नयेत, ते घरंगळतात.

पाय मागे नेताना उडी मारणारे लोक वर्गात दिसतील. आपण एक-एक पाय टाकतच मागे जावे, निदान पहिले दोन महिने. उडी मारून ताठ कोपरांनी प्लँकमध्ये आदळणे ही कोपर, खांदा आणि कंबर या तिघांनाही एकदम त्रास देण्याची युक्ती आहे.

चौथी हालचाल पायांची. वीरभद्रासनाच्या (एक पाय पुढे वाकवून, दुसरा मागे ताणून उभे राहण्याच्या) दोन प्रकारांमध्ये ये-जा करताना मागचा पाय जमिनीवर चिकटलेला राहतो आणि धड मात्र वळते. अशा वेळी पिळा बसतो तो गुडघ्याला. धड वळवण्याआधी मागची टाच उचलून पाऊल फिरवावे, मग पुन्हा टेकावे. पुढचा गुडघा घोट्याच्या वर आणि पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रोखाने असावा. स्क्वॉट नीट शिकलेल्या माणसाला हे सांगावेच लागत नाही, कारण नियम तोच आहे.

वर्गाच्या दिवशी

भरपेट जेवणानंतर तीन तास आणि पोहे-उपम्यासारख्या नाश्त्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत. सकाळी सहाची बॅच असेल तर अर्धे केळे आणि थोडे पाणी पुरते. पाणी दिवसभरात आधीच पोटात गेलेले असावे, ऐन वर्गात बाटलीभर पिऊन खाली डोके केले की ते घशाशी येते. कपडे सैल नसावेत, कारण अधोमुख श्वानासनात ढगळ टी-शर्ट तोंडावर येतो आणि पुढचे पाच श्वास अंधारात जातात. पाय अनवाणीच हवेत. मॅट स्वतःची असावी, स्वच्छतेसाठी तर खरीच, पण पकडीसाठीही: जिममधली पोटाचे व्यायाम करायची जाड, मऊ मॅट या वर्गाला निरुपयोगी आहे, तिच्यावर तोल सांभाळता येत नाही आणि मनगट आत रुतते. चार ते सहा मिलिमीटरची, हात न घसरणारी मॅट घ्यावी. नवी मॅट बहुधा पहिले काही दिवस निसरडी असते. ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून वाळवली की बरीच सुधारते.

पहिल्या रांगेत उभे राहू नये आणि अगदी शेवटच्या रांगेतही राहू नये. वर्गात तोंड कधी पुढे, कधी बाजूला, कधी मागे असते. मधल्या रांगेत असले की कोणत्याही दिशेला पाहून नक्कल करायला कोणी तरी समोर असते. आरसा हा मात्र दुधारी आहे. उभ्या आसनांत गुडघा पाहायला त्याचा उपयोग होतो, पण खाली डोके असताना किंवा पिळाच्या आसनात मान वळवून आरशात बघू नये.

वर्ग सुरू होण्याआधी दोन मिनिटे काढून ट्रेनरला गाठावे आणि आपण नवीन आहोत, अमुक खांदा किंवा कंबर दुखते, हे सांगावे. तो मागून येऊन पाठीवर दाब देऊन ‘अजून थोडे’ करवून घेणाऱ्यांपैकी असेल, तर ‘सर, मला हात लावून करवून घेऊ नका, तोंडी सांगा’ असे सौजन्याने पण स्पष्ट म्हणावे. यात कोणाचा अपमान नाही. आपल्या मांडीचा स्नायू कोठे तुटायला आला आहे हे आपल्यालाच कळते, दाबणाऱ्याला नाही.

शेवटचे शवासन सोडून उठू नये. जिममध्ये निम्मे लोक या वेळी मॅट गुंडाळून चालू लागतात, कोणाला शॉवर गाठायचा असतो, कोणाला लोकल. पाऊण तास चढलेली नाडी उतरायला पाच-सात मिनिटे लागतात, आणि घाईत उठून पायऱ्या उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आलेली माणसे मी पाहिली आहेत.

श्वासाची मोजपट्टी

वजने उचलताना आपल्याला श्वास रोखण्याची सवय लागलेली असते. जड स्क्वॉटच्या वेळी श्वास कोंडून पोट घट्ट करण्याने कण्याला आधार मिळतो, म्हणून तेथे ते योग्यच आहे. येथे नेमके उलटे करायचे असते: हालचाल कितीही अवघड असली तरी श्वास थांबू द्यायचा नाही. जिमच्या माणसाला हीच गोष्ट सर्वांत जड जाते. सुरुवातीला चार आकडे मोजत आत आणि चार मोजत बाहेर, दोन्ही नाकाने, एवढेच धोरण ठेवावे. ट्रेनर उज्जायी म्हणेल. चष्म्याची काच पुसण्यासाठी आपण तोंडाने ‘हा’ करून वाफ सोडतो, तसाच उच्छ्वास तोंड मिटून सोडला की घशातून जो हलका घरघरता आवाज येतो तो उज्जायी. तो शेजारच्या मॅटपर्यंत ऐकू जाण्याची गरज नाही.

याच श्वासाने आपली गती ठरवावी. नाकाने श्वास घेणे अशक्य होऊन तोंड उघडावे लागले, किंवा ट्रेनरच्या आकड्याबरोबर राहण्यासाठी श्वास अर्धवट तोडावा लागला, की ती फेरी तेथेच सोडून गुडघे टेकावेत, कपाळ जमिनीला लावावे आणि बालासनात पाच श्वास थांबावे. मग पुढची फेरी पकडावी. पहिल्या वर्गात असे चार-पाच वेळा थांबावे लागले तर ते अगदी यथायोग्य आहे. ट्रेनर गती वाढवत असेल तर एक आसन गाळावे, पण श्वास गाळू नये.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

रक्तदाब औषधाने आटोक्यात नसेल, काचबिंदू असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, तर डोके खाली जाणारी आसने डॉक्टरांच्या संमतीशिवाय करू नयेत. अधोमुख श्वानासनातही डोळ्यातला दाब वाढतो आणि या वर्गात ते आसन वीस-तीस वेळा येते. मणक्याची चकती सरकलेल्यांनी वेगाने पुढे वाकणे टाळावे, हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून वाकणे व जोराचे पीळ टाळावेत, हर्नियाचा त्रास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी थांबावे. गरोदरपणात पॉवर योगा नव्याने सुरू करू नये; त्यासाठी वेगळे वर्ग असतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी वर्गाआधी साखर तपासावी आणि खिशात नाही तर मॅटशेजारी ग्लुकोज किंवा साखर ठेवावी.

वजनांच्या वेळापत्रकात बसवताना

आठवड्यातून दोन वर्ग पुरेसे आहेत, आणि त्यांच्यात किमान एक दिवस मोकळा असावा. पायांच्या जड व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी वर्ग ठेवू नये, उत्कटासनात, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवून उभे राहताना, मांड्या थरथरू लागतात आणि तोल कमरेवर येतो. त्याच दिवशी दोन्ही करायचे असेल तर वजने आधी, योग नंतर. एक-एक मिनिटभर स्थिर ताणून धरल्यावर स्नायूची जोर लावण्याची क्षमता काही वेळ कमी होते, आणि अशा स्नायूंनी डेडलिफ्ट करण्यात शहाणपण नाही.

जिममध्ये फारसा बोलला न जाणारा एक मुद्दा येथे सांगणे जरूर आहे. पॉवर योगात हातांनी ढकलण्याचे काम अतोनात आहे आणि ओढण्याचे जवळजवळ नाही, कारण मॅटवर ओढायला काहीच नसते. फक्त हाच वर्ग करत राहिले तर खांद्याची पुढची बाजू बळकट होत जाते आणि खवाट्यांचे स्नायू मागे पडतात. म्हणून वर्ग सुरू केल्यावर बेंच प्रेसचे सेट कमी केले तरी चालतील, पण केबलचे रोइंग आणि पुल-अप्स सोडू नयेत. आपल्याकडच्या तालमीत जोरांच्या जोडीला मल्लखांब आणि दोर होता, त्यातून ओढण्याचे काम आपोआप होत असे.

वजन उतरवण्यासाठी येणाऱ्यांनी अपेक्षा बेताची ठेवावी. ‘एका तासात हजार कॅलरी’ अशा जाहिरातींवर जाऊ नये. व्यायामांच्या तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात पॉवर योगाला विश्रांतीच्या सुमारे चौपट ऊर्जा लागते असे धरलेले आहे, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला तासाला साधारण 240 कॅलरी. ताशी साडेपाच किलोमीटरच्या चालीने झपझप चालल्यावरही जवळपास तेवढीच लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. दोन वर्गांनी त्यातला मोठा वाटा भरून निघतो, उरलेला चालून भरावा. या वर्गातून मिळते ते वेगळेच असते: उकिडवे बसता येणे, खाली पडलेली किल्ली कंबर न धरता उचलता येणे, बेंच प्रेसच्या वेळी खांदे मागे जागच्या जागी राहणे.

पहिल्या वर्गानंतर दोन दिवस दंडांच्या मागे, पोटाच्या बाजूंना आणि पोटऱ्यांत ठणका राहील. तो दोन्ही बाजूंना सारखा असेल, हालचालीने मोकळा होत असेल आणि तिसऱ्या दिवशी उतरत असेल तर काळजी नसावी. एकाच बाजूला, सांध्याच्या आत, टोचल्यासारखी कळ येत असेल, किंवा कमरेतून निघून पायात उतरणारी झिणझिणी असेल, तर पुढचा वर्ग बुडवावा आणि ती आठवड्यात गेली नाही तर ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट गाठावा. ‘करत राहा, सुटेल’ हा सल्ला सांध्याला लागू नाही.

साधारण सहा ते आठ आठवड्यांनी गुडघे न टेकता चतुरंग करून पाहायला हरकत नाही. घरी, वर्गाबाहेर, ताज्या अंगाने पाच वेळा करावे: प्रत्येक वेळी तीन मोजत खाली, कोपरे बरगड्यांशी, खांदे कोपरांच्या वर, श्वास नाकाने. मोबाइल जमिनीवर बाजूला उभा करून चित्रण करावे, कारण आपले खांदे खाली गेले आहेत हे आपल्याला आतून कळत नाही. पाचही नीट दिसली तर पुढच्या वर्गात पहिल्या पाच फेऱ्यांपुरते गुडघे उचलावेत, सहाव्या फेरीपासून पुन्हा टेकावेत, आणि दर आठवड्याला एक-दोन फेऱ्या वाढवाव्यात.